स्ट्रॅटफर्ड ते साबरमती : बेन किंग्जली

जन्म ३१ डिसेंबर १९४३, यॉर्कशरमधलं स्नेन्टन गाव. मूळ नाव कृष्ण पंडित भानजी. वडील गुजराती वंशाचे डॉक्टर, आई इंग्रज.

१९६७मध्ये ते रॉयल शेक्सपिअर कंपनीत दाखल झाले आणि पुढली अनेक वर्षं रंगभूमीवरच रमले. पीटर ब्रुक यांच्या १९७०च्या गाजलेल्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये ते डिमिट्रियस होते. १९७५मध्ये बझ गुडबॉडी या तरुण दिग्दर्शिकेने त्यांना हॅम्लेट दिला, तोही स्ट्रॅटफर्डच्या ‘द अदर प्लेस’ या पत्र्याच्या शेडमधल्या छोट्या नाट्यगृहात. प्रेक्षक हाताच्या अंतरावर! तिथे आवाज चढवून भागत नाही. मनातला विचार डोळ्यांत दिसावा लागतो. कॅमेऱ्यासाठी याहून चांगली तालीम कोणती?

रिचर्ड अॅटनबरो यांच्या ‘गांधी’साठी (१९८२) त्यांनी वजन उतरवलं, योगासनं केली, चरख्यावर सूत काढायला ते शिकले. सूत काढताना संवाद बोलायचे, हे आणखी कठीण. चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाली, त्यांपैकी एक किंग्जली यांचं. रोहिणी हट्टंगडी यांची कस्तुरबा बाफ्टा पुरस्काराची मानकरी ठरली. गोखल्यांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू होते.

महात्म्याच्या प्रतिमेत ते अडकले नाहीत, ही त्यांची खरी मिळकत. ‘शिंडलर्स लिस्ट’मधला (१९९३) अबोल इत्झाक स्टर्न आणि ‘सेक्सी बीस्ट’मधला (२०००) शिवराळ, अंगावर येणारा गुंड डॉन लोगन एकाच नटाचे आहेत, हे पटायला वेळ लागतो. लोगनसाठी त्यांना पुन्हा ऑस्कर नामांकन मिळालं. २००२मध्ये ते ‘सर’ झाले.