संगणकाची रोजनिशी

पुणें येथील पेशवे दफ्तरांतील रोजनिशांवरून जुन्या कारभारांत कोणत्या दिवशीं काय घडलें तें कळतें. संकेतस्थळ चालविणारा संगणकाचा प्रोग्रामहि अशीच रोजनिशी ठेवितो. तीस लॉग म्हणतात. काय टिपावें, किती बारकाईनें व कोठें, हें सांगणारी फाईल निराळी असते.

जावा भाषेंतील लॉग-फोर-जे ह्या साधनाची दुसरी आवृत्ति २०१४ सालीं निघाली. तिच्यासाठीं ही फाईल ठरलेल्या नांवानें, बहुधा वेब-इन्फमधील क्लासेस ह्या फोल्डरांत ठेवितात. ती न सांपडल्यास प्रोग्राम अडत नाहीं. धोका येथेंच आहे. मग केवळ गंभीर चुका कन्सोलवर उमटतात, इतर नोंद होत नाहीं. उद्यां कंधारच्या एखाद्या पालकास पाल्याचा निकाल दिसेनासा झाला, तर कारण शोधावें कोठें?

म्हणून ही फाईल प्रोग्रामच्या गठ्ठ्याबाहेर ठेवून तिचा पत्ता सर्व्हर सुरू करतांना द्यावा, हें आम्हांस श्रेयस्कर वाटतें. तसें केल्यास फेरबदलासाठीं गठ्ठा पुन्हां बांधावा लागत नाहीं. ठराविक सेकंदांनीं ती पुन्हां तपासण्याची सोयहि आहे. तथापि नवा प्रोग्राम चढविल्याबरोबर लॉग उघडून पहिली नोंद पाहावी. दप्तर कोरें आहे हें संकटाच्या दिवशीं कळून काय उपयोग?