पोटाची गाऱ्हाणी, भाग ७ : पित्त झालंय, म्हणजे नक्की काय झालंय?

"काय होतंय, मावशी?"

"पित्त झालंय."

"म्हणजे काय होतंय?"

"आता पित्त म्हंजे पित्तच की!"

हा संवाद माझ्या दवाखान्यात आठवड्यातून चार-पाचदा तरी होतो, आणि दर वेळी मी तो पुढे रेटतो. कारण मराठीत 'पित्त' हा शब्द एका तक्रारीचा नाही. छातीत जळजळतं, आंबट पाणी घशाशी येतं, ते पित्त. अर्धं डोकं ठणकतं, उजेड सोसत नाही, उलटी पडली की उतरतं, तेही पित्त. अंगावर गांधी येतात आणि खाजवून जीव नकोसा होतो, तेव्हाही आपण 'पित्त उठलं' म्हणतो. शिवाय यकृतात तयार होणारा, तेलतूप पचवणारा हिरवट-पिवळा रस, ज्याचे खडे होतात, त्याचंही नाव पित्तच. चार वेगळ्या गोष्टी, आणि मेडिकलच्या दुकानात या सगळ्यांवर मिळणारी गोळी बहुतेक वेळा एकच.

परवाच्या मावशींनी बटव्यातून ती गोळी काढून दाखवली. दहाची पट्टी, त्यातल्या तीन शिल्लक, चौथ्या घरात अर्धी तोडलेली. 'मोठी वाटली म्हणून अर्धी घेते.' त्याच बटव्यात दुसरी पट्टी होती, गुडघ्यांची. आणि एक छोटी डबी, मिश्रीची. त्यांच्या जळजळीचं बरंचसं उत्तर त्या बटव्यातच होतं.

गुडघ्यांसाठी त्या जी वेदनाशामक गोळी रोज घेत होत्या, तिच्यामुळे जठराच्या आतलं अस्तर कमकुवत होतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन या सगळ्यांची ही खोड. जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की त्यात मांस विरघळतं. तरी जठर स्वतः विरघळत नाही, कारण आतून बुळबुळीत श्लेष्माचा थर त्याला जपतो. तो थर टिकवणारं जे रसायन शरीर बनवतं, नेमकं तेच या गोळ्या अडवतात. मग अस्तर सोलतं, कधी व्रण होतो, कधी त्यातून रक्त जातं. मिश्रीतली तंबाखू आणखी वेगळं काम करते. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं, पिशवीच्या तोंडाला नाडी असावी तसं. निकोटिन ती नाडी सैल करतं, आणि आम्ल वर येतं.

आता ती अर्धी गोळी. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या जातीच्या गोळ्यांवर एक आवरण असतं. ते जठरात विरघळू नये, पुढे लहान आतड्यात विरघळावं, अशी रचना असते, कारण औषध स्वतः आम्लात टिकत नाही. गोळी तोडली, चावली की आवरण फुटलं आणि औषध वाया गेलं.

वेळ तर त्याहून महत्त्वाची. जठराच्या पेशींत आम्ल बाहेर टाकणारे अतिसूक्ष्म पंप असतात. जेवण आलं की ते चालू होतात, आणि ही गोळी चालू पंपालाच धरते. म्हणून नाश्त्याच्या अर्धा तास आधी, पाण्याबरोबर घ्यायची. जेवल्यावर दोन तासांनी, जळजळ सुरू झाल्यावर घेतली तर तिचा फारसा उपयोग होत नाही, आणि पूर्ण गुण यायला तीनेक दिवस लागतात. लगेच आराम हवा असेल तर पातळ किंवा चघळायचं आम्लनाशक वेगळं असतं. खाण्याच्या सोड्यानं बरं वाटतं हे खरं, पण त्यात सोडियम भरपूर. रक्तदाब असणाऱ्यांनी तो रोजच्या सवयीचा करू नये. थंड दुधानंही थोडा वेळ विझल्यासारखं वाटतं, पण दूध पचवायला जठर पुन्हा आम्ल सोडतंच.

ही गोळी वाईट नाही, हे मी ठासून सांगतो. आम्ल रोखणारी अशी औषधं येण्याआधी अल्सरसाठी पोट उघडणं ही शस्त्रक्रियेची रोजची गोष्ट होती. पण वर्षानुवर्षं, कुणाला न विचारता, ती चालू राहते याची मला काळजी वाटते. दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-12 आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. शाकाहारी माणसांत बी-12 आधीच कमी सापडतं, त्यात ही भर. आणि एकदम बंद केली की दाबून ठेवलेलं आम्ल काही दिवस उसळून येतं. माणूस म्हणतो, 'बघा, गोळीशिवाय जमतच नाही.' हा उसळा काही आठवड्यांत ओसरतो. म्हणून ती डॉक्टरांना विचारून हळूहळू सोडायची. नावापुढे 'डी' किंवा 'डीएसआर' असलेल्या गोळीत डॉम्पेरिडोन हे दुसरं औषधही असतं. त्यानं हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून युरोपात 2014 पासून ते मळमळ-उलटीपुरतं, आणि तेही थोडे दिवसच द्यावं असं ठरलं. आपल्याकडे ते सहा-सहा महिने घेणारी माणसं मला भेटतात.

अल्सरची गोष्ट निघाली म्हणून ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहराची आठवण. अल्सर म्हणजे चिंता, राग आणि तिखट, हे सगळ्या जगानं धरून ठेवलेलं होतं. तिथे रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञांना जठराच्या तुकड्यांत वाकडे जंतू दिसायचे. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर ते वाढवायचा प्रयत्न करत होता. दोन दिवसांत काही उगवलं नाही की ताटल्या फेकल्या जायच्या. 1982 च्या ईस्टरच्या सुट्टीत त्या तशाच राहून गेल्या, आणि जंतू उगवले. तरी कुणी मानेना, तेव्हा 1984 साली मार्शलनं ते जंतू स्वतः पिऊन पाहिले. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीत जठराला सूज दिसली. 2005 साली दोघांना नोबेल मिळालं. तो जंतू म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी. आपल्याकडे तो असंख्य लोकांच्या पोटात निमूट असतो, सगळ्यांना त्रास देत नाही. पण अल्सर असेल तर त्याची तपासणी व्हायलाच हवी, कारण प्रतिजैविकांच्या बहुधा चौदा दिवसांच्या उपचारानं तो जातो आणि अल्सर पुन्हा पुन्हा होणं थांबतं. श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची तर आम्लाची गोळी दोन आठवडे आधी बंद ठेवावी लागते. नाहीतर जंतू असूनही दिसत नाही.

मात्र घशाशी येणाऱ्या जळजळीचं बहुतेकांचं कारण अल्सर नसतं. ते रात्री साडेदहाचं जेवण आणि अकराची झोप, वाढलेलं पोट आणि कमरेला करकचून आवळलेली परकराची नाडी किंवा पट्टा यांत असतं. एकादशीला उपास म्हणून दिवसभर शेंगदाणे, साबुदाणा आणि तळलेलं खाल्लं की रात्री जळजळतं, त्याचंही हेच. तुपातेलाचं अन्न जठरात फार वेळ रेंगाळतं आणि अन्ननलिकेची ती नाडी सैल करतं. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. उशा वाढवून उपयोग नाही, त्यानं पोट दुमडतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घाला, पाऊण वीतभर तरी उंची हवी. वजन पाच-सात किलो उतरलं तर गोळी सुटलेले कितीतरी जण मी पाहिले आहेत. आणि कुशीवर झोपायचं तर डाव्या. अन्ननलिका जठराला जिथे मिळते ती जागा या कुशीवर आम्लाच्या वर राहते. आपल्या भाषेत 'वामकुक्षी' शब्द आहेच, वाम म्हणजे डावी. जेवल्या जेवल्या आडवं होऊ नये हे खरंच, पण व्हायचंच असेल तर त्या शब्दाचा अर्थ पाळावा.

डोक्याचं पित्त हे बहुतेक वेळा मायग्रेन असतं. त्या वेळी जठराची हालचाल मंदावते, म्हणून मळमळतं. पोट रिकामं असल्यानं उलटीत पिवळं कडू पडतं आणि माणसाला वाटतं, तेच डोक्यात चढलं होतं. मायग्रेनची औषधं वेगळी आहेत आणि ती चांगला गुण देतात. आम्लाच्या गोळीवर वर्षं घालवलेल्या बायका भेटल्या की मला वाईट वाटतं. अंगावरचं पित्त हे हिस्टामिन या रसायनाचं काम. आमसुलाचं थंड पाणी लावल्यानं खाज शमते, ते जरूर लावा. पण ओठ, जीभ सुजली किंवा श्वास अडकला तर आमसुलावर थांबू नका, तडक दवाखाना गाठा.

शौचाला डांबरासारखं काळं होणं, रक्ताची उलटी, घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली जळजळ, यांतलं काहीही असेल तर दुर्बिणीची तपासणी पुढे ढकलू नका.

आणि एका पित्ताबद्दल हात जोडून सांगतो. छातीच्या मधोमध दाब, घाम, धाप, दुखणं जबड्याकडे किंवा डाव्या हातात जाणं. मधुमेह असेल तर कधी नुसतंच 'पोटाच्या वर जड वाटतंय'. अशा वेळी सोडा पिऊन, ढेकर येते का पाहत रात्र काढलेली माणसं सकाळी माझ्याकडे आणली गेली आहेत, आणि त्यातल्या काहींसाठी माझ्या हातात काहीच उरलेलं नव्हतं. हृदयविकार आणि जळजळ यांतला फरक घरी बसून डॉक्टरलाही सांगता येत नाही, त्यासाठी ईसीजी काढावाच लागतो. चालताना, जिना चढताना होणारी आणि थांबल्यावर जाणारी जळजळ तर पोटाची नाहीच, असंच धरून चाला. महाराष्ट्रात 108 ला फोन केला की रुग्णवाहिका येते, आणि तिचे पैसे पडत नाहीत.