कोणते गुण, कोणत्या दारी?

पांढुर्ण्याहून इटारसीकडे जाणारी गाडी तिगावचे स्थानक मागे टाकते आणि घाट चढू लागते. उलट दिशेची गाडी घाट उतरून नागपूरची वाट धरते. एकाच रुळांवरून दोन राज्यांच्या वाटा फुटाव्यात, हे आमच्या ह्या टापूचे भागधेयच आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर हीच होती. राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे तिकडे गेले आणि छिंदवाडा जिल्हा इकडे राहिला. त्यातूनच ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर ह्या तहसिली मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. घरची भाषा, सोयरीक आणि संत्र्याचा बाजार नागपूरकडे. जमिनीचा खसरा, शाळेचे मंडळ आणि मूळ निवासाचा दाखला भोपाळकडे, असा हा संसार आहे.

एरवी ह्या दुहेरीपणाची कोणाला अडचण होत नाही. घरात मूल बारावीला आले, म्हणजे मात्र ती होते. पूर्वी बारावीची एक गुणपत्रिका असे आणि तीच सगळीकडे चाले. आज एकाच मुलाच्या हाती चार-पाच निकाल असतात: मंडळाचे गुण, जेईई मेनच्या जानेवारी व एप्रिल अशा दोन सत्रांचे गुण, केंद्रीय विद्यापीठांच्या सीयूईटीचे विषयवार गुण, नागपूरकडे डोळे लागले असतील तर महाराष्ट्राच्या सीईटीचे गुण. डॉक्टर व्हायचे असेल तर नीट वेगळीच. मग जूनच्या उकाड्यात बाप विचारतो, "सर, ह्यातले कोणते गुण कोठे दाखवायचे?"

प्रश्न अगदी योग्य आहे. फक्त तो दोन वर्षे उशिरा विचारला जातो. कोणते गुण कामी येणार, हे पुष्कळ अंशी दहावीनंतरच्या उन्हाळ्यातच ठरून गेलेले असते. आधी दार पाहावे आणि त्या दाराला लागणारी किल्ली मग घडवावी, हा क्रम आपण उलटा करतो, आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारोदार हिंडतो.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. २०१९ पासून जेईई मेन ही परीक्षा वर्षातून एकाहून अधिक वेळा होते आणि तिचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे शंभरपैकी नव्वद गुण नव्हेत. आपल्या सत्रात बसलेल्या दर शंभर मुलांपैकी नव्वद मुले आपल्या बरोबरीने किंवा आपल्या खाली आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

समजा, एका सत्रात दोनशे मुले बसली. एका मुलीला १२० गुण मिळाले आणि तिच्यासह १८० मुलांचे गुण तेवढे किंवा त्याहून कमी होते. तिचे पर्सेंटाइल ९० झाले. पुढच्या सत्रात प्रश्नपत्रिका कठीण निघाली. तिला ११० च गुण पडले, परंतु ह्या वेळी दोनशेपैकी १८४ मुले तिच्या बरोबरीने वा मागे होती. पर्सेंटाइल झाले ९२. घरात मात्र "दहा गुणांनी घसरली" म्हणून सुतक! वस्तुतः ती वर गेली आहे. दोन सत्रांपैकी ज्याचे पर्सेंटाइल अधिक, तेच क्रमांकासाठी आपोआप धरले जाते. तेथे मुलाने काही निवडायचे नसते आणि दुसऱ्या वेळी कमी पडले म्हणून पहिले बुडतही नाहीत.

तेव्हा दोन्ही वेळा बसण्यात गुणांचे नुकसान नाही. नुकसान होते ते वेळेचे. ह्या दोन सत्रांच्या मध्येच मंडळाची परीक्षा येते. तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही, कारण राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थांच्या (म्हणजेच एनआयटीच्या) प्रवेशासाठी जेईईच्या क्रमांकाबरोबरच बारावीला ७५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना ६५. तेवढे नसतील तर आपल्या मंडळाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये असावे लागते. मध्यप्रदेशातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्रवेशही प्रथम जेईई मेनवर होतात आणि उरलेल्या जागांसाठी बारावीचे गुण पाहिले जातात. म्हणजे मंडळाची गुणपत्रिका जुनी झाली, म्हातारी झाली नाही.

बारावी कोठून?

आता ह्या लेखाच्या गाभ्याकडे येतो. आमच्याकडे दहावीत मूल चमकले, की "नागपूरला घाला" असा सल्ला सोयरेधायरे देतात. शिकवणीचे वर्ग तेथे, मामा-मावशीचे घर तेथे. सल्ला वाईट नाही. परंतु त्या एका निर्णयाने कोणती दारे उघडतात आणि कोणती लोटली जातात, ह्याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

एनआयटीमधील निम्म्या जागा त्या-त्या राज्याच्या मुलांसाठी असतात. परंतु "आपले राज्य" कोणते, हे तेथे घरावरून ठरत नाही. मुलाने बारावी प्रथम कोठून उत्तीर्ण केली, ह्यावरून ठरते. पांढुर्ण्यातून बारावी झालेल्या मुलाला भोपाळची मौलाना आझाद राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था घरची, आणि नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था परराज्यातली. तोच मुलगा नागपूरहून बारावी झाला, तर नागपूर घरचे आणि भोपाळ परके. आईबाप तिगावातच राहत असले, तरी ह्यात फरक पडत नाही. आयआयटीला मात्र हा गृहराज्याचा नियम लागू नाही.

एवढ्यावरून कोणी म्हणेल, मग नागपूरच बरे! तर तेथेच मेख आहे. महाराष्ट्र शासनाच्या स्वतःच्या प्रवेशप्रक्रियेत "महाराष्ट्राचा उमेदवार" ठरण्याचा सरळ मार्ग असा, की दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी आणि जन्म किंवा अधिवास तेथला असावा. दहावी पांढुर्ण्याला, बारावी नागपूरला आणि मूळ निवासाचा दाखला मध्यप्रदेशाचा, अशा मुलाला हा मार्ग बंद असतो. वैद्यकीय महाविद्यालयांच्या ८५ टक्के राज्य-जागांसाठीही महाराष्ट्रात दहावी, बारावी आणि अधिवास पाहिला जातो. मराठी मातृभाषेच्या सीमाभागातील मुलांसाठी तेथे एक सवलत आहे. परंतु ती महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागापुरती आहे. आपण मराठी खरे, पण त्या सीमेवरचे नव्हे.

इकडे मध्यप्रदेशातही काही सुटते. २०२३ पासून ह्या राज्याने शासकीय शाळांत शिकलेल्या मुलांसाठी वैद्यकीय प्रवेशात पाच टक्के जागा राखल्या आहेत. सहावीपासून शासकीय शाळेत शिकलेली मुलगी अकरावीला नागपूरच्या खाजगी महाविद्यालयात गेली, तर त्या रांगेतून ती बाहेर पडते. नीटचे गुण तेवढेच. पण ज्या दारापाशी त्यांना किंमत होती, ते दार दोन वर्षांपूर्वीच सुटलेले असते.

नागपूरला जाऊ नये, असे माझे म्हणणे नाही. जाताना काय मिळते आणि काय सुटते, हे दोन रकान्यांत लिहून मग जावे, एवढेच. महाराष्ट्रात अभियांत्रिकी शिकायचे असेल तर इकडून बारावी करूनही अखिल भारतीय जागांसाठी अर्ज करता येतो, आणि त्या यादीत सीईटीपेक्षा जेईई मेनच्या गुणांना अग्रक्रम असतो. केवळ त्यासाठी घर सोडलेच पाहिजे, असे नाही.

भाषेचा रकाना

अर्जातील एक रकाना आपण घाईने भरून मोकळे होतो: प्रश्नपत्रिकेची भाषा. नीट २०१७ पासून आणि जेईई मेन २०२१ पासून मराठीतही उपलब्ध आहे. परंतु मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. तिगावच्या मुलाने मराठी निवडली, तर त्याने केंद्रही नागपूर किंवा महाराष्ट्रातील दुसरे शहर निवडले पाहिजे. येथे अभिमानापेक्षा सवयीला मान द्यावा. ज्या मुलाने भौतिकशास्त्र हिंदीतून शिकले, त्याला ते हिंदीतूनच आठवणार. घरची भाषा मराठी म्हणून त्याला परीक्षेच्या दिवशी नवे शब्द शिकायला लावू नयेत.

२०२२ मध्ये सुरू झालेल्या सीयूईटीत मात्र मराठीला वेगळे मोल आहे. येथे प्रत्येक विषयाचे गुण स्वतंत्र येतात आणि प्रत्येक विद्यापीठ आपल्याला हवे ते विषय जोडून पाहते. "कोणते गुण दाखवायचे" हा प्रश्न खऱ्या अर्थाने येथेच उभा राहतो. २०२५ पासून जास्तीत जास्त पाच विषय घेता येतात, म्हणून निवड जपून करावी लागते. भाषांच्या तेरा विषयांत मराठी आहे. दिल्ली विद्यापीठाच्या अनेक अभ्यासक्रमांत कोणत्याही एका भाषेचे गुण चालतात. इंग्रजी साहित्याचीच पदवी घ्यायची असेल तर इंग्रजी हवीच. पण इतिहास वा राज्यशास्त्र शिकायचे असताना, केवळ भारदस्त दिसते म्हणून इंग्रजी निवडून गुण घालवणे हे शहाणपणाचे नव्हे. जी भाषा मुलाला खरोखर येते, तीच त्याने पुढे करावी.

लाजेने दडवलेले गुण

आपल्यापैकी कित्येकांचे आप्त अमेरिकेत आहेत, आणि तिकडील मुलांनाही हाच प्रश्न पडतो. तेथे सॅट ही परीक्षा ४०० ते १६०० गुणांची असते. ती पुन्हा पुन्हा देता येते आणि कोणत्या तारखेचे गुण पाठवायचे, हे बहुतेक ठिकाणी मुलगा ठरवतो. काही महाविद्यालये तर एका तारखेचे गणित आणि दुसऱ्या तारखेची भाषा अशी उत्तम जोडी स्वतःच जुळवून घेतात. २०२० च्या महामारीनंतर असंख्य महाविद्यालयांनी हे गुण ऐच्छिक केले. पुढे एमआयटीने २०२२ मध्ये आणि डार्टमथने २०२४ मध्ये ते पुन्हा सक्तीचे केले.

डार्टमथने तसे का केले, हे आपल्यालाही विचार करण्याजोगे आहे. तेथील अभ्यासकांना असे आढळले, की साधनहीन घरांतील कित्येक मुलांनी आपले गुण कमी समजून पाठवलेच नव्हते. प्रत्यक्षात त्यांच्या शाळेची परिस्थिती पाहता ते गुण उत्तम होते आणि पाठवले असते तर प्रवेशाची शक्यता वाढली असती. ज्यांना गुणांचा सर्वांत अधिक उपयोग होता, त्यांनीच ते दडवले.

आपल्याकडचा अर्ज मुलाची परिस्थिती तशी वाचत नाही, हे खरे. परंतु लाज दोन्हीकडे एकच. शहरातल्या वर्गाच्या फलकावर नव्याण्णव पर्सेंटाइलचे फोटो पाहून आमचा ऐंशी पर्सेंटाइलचा मुलगा समुपदेशनाचा अर्जच भरत नाही. त्याचा प्रवर्गातील क्रमांक काय, त्याच्या राज्यात त्या गुणांवर पूर्वी कोणते महाविद्यालय मिळाले, हे पाहण्याआधीच तो स्वतःला नापास ठरवतो. गोंड घरातील एखादी हुशार मुलगी "एवढ्यात काय होणार" म्हणून कागद पेटीत ठेवून देते. नापसंतीचा शिक्का परीक्षेने मारलेला नसतो; तो घरातच उमटतो.

पालकांनी काय करावे?

दहावीचा निकाल लागताच एक साधी वही करावी. पहिल्या रकान्यात मुलाला जेथे शिकायची इच्छा आहे अशा पाच संस्था, दुसऱ्यात तेथे कोणती परीक्षा चालते, तिसऱ्यात बारावीचे किती गुण हवेत, आणि चौथ्यात राज्य, दाखला व शाळा ह्यांची अट. हे सारे त्या संस्थेच्या त्या वर्षीच्या माहितीपत्रिकेतून उतरवावे. शेजाऱ्याच्या मुलाच्या अनुभवावरून नव्हे, कारण नियम वर्षावर्षाला बदलतात. मूळ निवासाचा आणि जातीचा दाखला अकरावीतच काढून ठेवावा. मग निकाल येतील तेव्हा पूर्वीच्या वर्षीचे प्रवेशाचे शेवटचे क्रमांक समोर ठेवून अर्ज भरावा: एखादे दार थोडे वरचे, दोन आवाक्यातली आणि एक खात्रीचे.

वाचकहो, ही वही भरताना मुलाला शेजारी बसवावे आणि अक्षर त्याचेच असू द्यावे. घरात पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयाची पायरी चढणार असेल, तर गावातल्या शाळेत ती वही घेऊन यावे. उन्हाळ्याच्या सुटीतही कोणी ना कोणी शिक्षक तेथे भेटतोच.