‘वेगवान’ या विशेषणाचा अर्थ : वास्तुकलेच्या विद्यार्थ्यासाठी संगणकाची निवड

एका शब्दाने अनेक अर्थ दर्शविले जावेत आणि ऐकणाऱ्याने संदर्भावरून त्यांतील योग्य तो उचलावा, ही गोष्ट भाषाभ्यासकाला नवी नाही. परंतु जेथे संदर्भच दिलेला नसतो तेथे ऐकणारा आपल्या मनातील अर्थ त्या शब्दावर लादतो. गेल्या वर्षी भाचीला वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला, तेव्हा याचा प्रत्यय प्रस्तुत लेखकास घरातच आला. मेहुण्यांनी तीन दुकानांतून लॅपटॉपची दरपत्रके आणली होती. तिन्हींत ‘वेगवान’ हे विशेषण होते. एकात तर ते चार वेळा आले होते. कोणत्या कामात वेगवान, हे मात्र एकाही पत्रकात नव्हते. त्यांतील सर्वांत महाग यंत्रासाठी मेहुणे कर्ज काढावयास निघाले होते. त्यांना थांबवून, ‘जरा पाहू या’ असे म्हणून, जी माहिती जमविली ती येथे मांडीत आहे. विभागातील कित्येक सहकाऱ्यांची मुले याच वाटेवर आहेत.

(‘वास्तुकला’ हा शब्द येथे जाणूनबुजून योजला आहे. ‘वास्तुशास्त्र’ म्हटले की आता बहुतेकांना दिशा आणि दरवाजे आठवतात. असो.)

संगणकावर रेखाचित्र काढण्याची कल्पना तशी जुनी आहे. १९६३ मध्ये अमेरिकेतील एम. आय. टी. येथे आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ ही प्रणाली आपल्या प्रबंधासाठी रचली. पडद्यावर प्रकाश-लेखणीने रेषा काढता येत असे. १९८२ मध्ये ऑटोकॅड आले आणि हे काम मेजावरच्या लहान संगणकावर होऊ लागले. आज वास्तुकलेचा विद्यार्थी ऑटोकॅडवर आराखडे काढतो, रेव्हिटमध्ये इमारतीची संपूर्ण प्रतिकृती रचतो, स्केचअप किंवा राइनोमध्ये आकार घडवितो, आणि शेवटी व्ही-रे, ल्युमियन किंवा ब्लेंडर यांच्या साहाय्याने छायाप्रकाशासह चित्र तयार करतो. या शेवटच्या क्रियेस रेंडरिंग म्हणतात. दिसावयास हे एकच काम वाटते. यंत्राच्या दृष्टीने मात्र यात दोन अगदी भिन्न प्रकृतीची कामे आहेत.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या कथेतील प्रत्येक वाक्यात ‘तो’, ‘तिचे’, ‘तेथे’ अशी सर्वनामे व क्रियाविशेषणे असतील, तर मागील वाक्य समजल्याखेरीज पुढील वाक्य लागत नाही. अशी कथा आठ वाचकांत वाटून दिली म्हणून ती आठपट लवकर वाचून होणार नाही. याउलट, चारशे पृष्ठांच्या पोथीची नक्कल करावयाची असेल तर पृष्ठे वाटून देता येतात आणि लेखनिक जितके अधिक तितके काम लवकर उरकते. आराखडा काढणे व प्रतिकृती रचणे हे पहिल्या प्रकारचे काम आहे. भिंत हलविली की तिच्यातील खिडकी हलते, खिडकीमुळे मोजमाप बदलते, मोजमापामुळे तक्ता बदलतो. प्रत्येक पायरी मागील पायरीवर अवलंबून असते. रेंडरिंगमध्ये चित्रातील प्रत्येक बिंदूचा रंग बव्हंशी स्वतंत्रपणे काढता येतो, म्हणून ते पोथीच्या नकलेसारखे आहे.

प्रोसेसरमधील ‘कोअर’ म्हणजे हे लेखनिक होत. ते वाढविल्याने किती लाभ होतो याचे गणित जीन ॲमडाल यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांनी तो विचार १९६७ मध्ये मांडला. कामाचा केवळ २० टक्के भाग वाटून देण्याजोगा असेल, तर सोळा कोअर लावूनही ते सुमारे १.२३ पटच लवकर होते. ९५ टक्के भाग वाटण्याजोगा असेल, तर तेच सोळा कोअर ते नऊपटीहून थोडे अधिक लवकर करतात. ऑटोकॅड आणि रेव्हिट यांतील नित्याचे काम बहुतांशी एकाच कोअरवर चालते. म्हणजे ज्या यंत्राची किंमत कोअरच्या संख्येमुळे चढलेली आहे, ते आराखडा काढणाऱ्याच्या हाती दिल्यास बहुतेक लेखनिक हातावर हात ठेवून बसून राहतात. विद्यार्थी दिवसाचे तास आराखड्यावर घालवितो आणि रेंडरिंग रात्री लावून झोपी जातो, हे लक्षात घेतले म्हणजे कोणत्या वेगासाठी पैसे द्यावयाचे याचा निर्णय सोपा होतो. येथे एकेका कोअरचा वेग पाहावा. सहा ते आठ कोअर पुरेसे होतात.

तथापि हा वेग दरपत्रकात ज्या रीतीने लिहिलेला असतो, तिच्याकडे भाषाभ्यासकाच्या नजरेने पाहणे उपयुक्त ठरते. ‘५ गिगाहर्ट्झपर्यंत’ असे तेथे लिहिलेले असते. सारे मर्म ‘पर्यंत’ या शब्दयोगी अव्ययात आहे. तो आकडा कमाल मर्यादेचा असून यंत्र थंड असताना, थोड्या वेळापुरता गाठला जातो. यंत्र तापले की प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवितो. पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर पडावयास जागा कमी असते. त्यात मे महिन्यातील विदर्भातली वसतिगृहाची खोली असेल तर ‘पर्यंत’चे अंतर आणखी वाढते. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत तर नावच फसवे आहे. एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉपसाठीचे कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कोणत्याही मर्यादेत बसविता येते. नाव तेच, काम मात्र एकसारखे नाही. आमच्याकडील तिन्ही पत्रकांत कार्डाचे नाव ठळक होते, वॅटचा आकडा एकातही नव्हता. तो मागून घ्यावा.

ग्राफिक्स कार्डाविषयी आणखी एक गोष्ट. ल्युमियनसारख्या प्रणालींचा सारा भार कार्डावरच असतो. कार्डावर रेंडरिंग करावयाचे तर दृश्य कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावले पाहिजे. न मावल्यास काम अतिशय मंदावते किंवा मध्येच थांबते. म्हणून दोन कार्डांत निवड करताना, वेगात थोडे कमी पण मेमरीत अधिक असलेले कार्ड पत्करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. मंद यंत्रावर चित्र उशिरा मिळते, अपुऱ्या मेमरीवर ते मिळतच नाही.

रॅमसंबंधी रेव्हिट वापरणाऱ्यांत एक ढोबळ हिशेब प्रचलित आहे : फाइलच्या आकाराच्या वीसपट रॅम लागते. ३०० मेगाबाइटच्या प्रतिकृतीस, या हिशेबाने, सुमारे ६ गिगाबाइट केवळ रेव्हिटसाठी हवेत. शिवाय विंडोज, ब्राउझर आणि सोबत उघडलेले स्केचअप आहेच. तेव्हा १६ गिगाबाइट ही सुरुवात समजावी आणि पुढे ३२ करता येतील की नाही हे आधीच विचारावे. काही लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते व ती पुढे वाढविता येत नाही. पाच वर्षे पुरवावयाच्या यंत्रात ही उणीव मोठी आहे. डिस्क एसएसडीच असावी. याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

मॅकचा प्रश्न घरोघरी निघतो. ऑटोकॅड, आर्चिकॅड, राइनो व स्केचअप यांच्या मॅकसाठी आवृत्त्या आहेत. रेव्हिट आणि थ्रीडीएस मॅक्स यांच्या नाहीत. २०२० पासून ॲपलने स्वतःचे प्रोसेसर वापरावयास प्रारंभ केला, तेव्हापासून त्या नव्या यंत्रांवर पूर्वीप्रमाणे विंडोज थेट बसविण्याची सोयही उरली नाही. महाविद्यालयात रेव्हिट शिकविले जात असेल तर मॅकचा मोह टाळावा, इतकेच म्हणेन.

ही सारी माहिती घेऊन मी भाचीच्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना भेटलो. तेथे निराळेच कळले. पहिल्या वर्षाचे त्यांचे बहुतेक काम ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि पेन्सिल यांवर झाले होते. टिपणे आणि सादरीकरण यांसाठी घरातला जुना लॅपटॉप पुरला होता. प्रणालींचा खर्चही नव्हता, कारण ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना शिक्षणापुरता परवाना विनामूल्य देते. मेहुण्यांना मी हे सांगितले. कर्जाचा अर्ज भरून तयार होता. तो त्यांनी टेबलाच्या खणात ठेवून दिला.

यंदा जूनमध्ये नवी दरपत्रके आली. या वेळी भाचीनेच दुकानदारांना प्रश्न विचारले : कार्ड किती वॅटचे, त्याची मेमरी किती, रॅमची मोकळी जागा आहे काय. दोघांनी ‘मॅडम, एकदम फास्ट आहे’ असे उत्तर दिले. तिसऱ्याने कंपनीचे पत्रक काढून पाहिले आणि तिन्ही उत्तरे दरपत्रकाच्या पाठीमागे पेनाने लिहून खाली सही केली. यंत्र त्याच्याकडून घेतले.