बार, धक्का आणि मार : बंदुकीच्या नळीतील फेरफारांचा विचार

बोलीतील तांत्रिक शब्दांचा संग्रह करण्याच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकाचे महाड व पोलादपूर तालुक्यांतील काही गावांत जाणे झाले. भाताला दाणा भरू लागला की रानडुकरांच्या धास्तीने रात्र माळ्यावर काढणारे शेतकरी वरंध व आंबेनळी घाटांच्या पायथ्याशी आजही आहेत. त्यांपैकी काहींजवळ पीकसंरक्षणाच्या परवान्यावरील बारा बोअरची बंदूक असते. अशा एका परवानाधारकाने शब्द सांगता सांगता उलट प्रश्न केला : “गुरुजी, नळी आतून मोकळी करून घेतली की धक्का निम्म्यावर येतो नि मार दाट पडतो, असं म्हणतात. भाताचे पैसे त्यात घालू का नको?” प्रश्न यंत्रशास्त्राचा होता, परंतु उत्तर अडले होते ते शब्दांपाशी.

ह्या व्यवहारातील तीन शब्द पाहा : बार, धक्का व मार. ‘बार’ हा फारसी शब्द. त्याचा मूळ अर्थ ओझे, आणि संस्कृत ‘भार’ शब्दाशी त्याचे सगोत्र नाते आहे. मराठीत तो तीन अर्थांनी नांदतो. ‘बार भरला’ येथे तो नळीतील दारू व छर्रे दर्शवितो, ‘बार काढला’ येथे क्रिया आणि ‘बार ऐकू आला’ येथे आवाज. ‘धक्का’ शब्दात बंदुकीला मिळालेली मागची गती आणि खांद्याला झालेली वेदना ही दोन्ही एकवटली आहेत. ‘मार’ म्हणजे कधी पल्ला, कधी छर्ऱ्यांची दाटी, तर कधी त्यांचा जोर. फेरफार करणाऱ्याचा दावा एका अर्थाने केलेला असतो आणि गिऱ्हाईक तो दुसऱ्या अर्थाने ऐकते. सारा घोटाळा येथेच आहे.

प्रथम धक्क्याचा विचार करू. नळीतून पुढे गेलेल्या द्रव्याचा संवेग जितका, तितकाच बंदुकीचा मागे येण्याचा संवेग. हा न्यूटनचा नियम नळी घासून बदलत नाही. बत्तीस ग्रॅम छर्रे सेकंदाला ३७० मीटर वेगाने सुटले, तीन ग्रॅमचे बूच त्यांच्याबरोबर गेले आणि दीड ग्रॅम दारूचा वायू सेकंदाला सुमारे १,२०० मीटर वेगाने बाहेर पडला असे धरले, तर तीन किलोग्रॅमची बंदूक सुमारे ३६ ज्यूल ऊर्जेने खांद्यावर येते. छर्रे अठ्ठावीस ग्रॅम केले तर हाच आकडा २९ वर उतरतो. छर्रे तेच ठेवून बंदूक साडेतीन किलोग्रॅमची केली तर तो ३१ होतो. तात्पर्य, धक्का ठरतो तो ‘बार’ ह्या शब्दाच्या पहिल्या अर्थाने, म्हणजे भरलेल्या ओझ्याने, आणि बंदुकीच्या वजनाने.

आता प्रचलित फेरफार क्रमाने घेऊ. पहिला, नळी आतून रुंद करणे. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या तर त्यांतील एकीचा व्यास तो बारा बोअर, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर. सत्तर सेंटिमीटर लांबीच्या नळीचा हा व्यास ०.३ मिलिमीटरने वाढविला तर सुमारे पन्नास ग्रॅम पोलाद निघून जाते. बंदूक तेवढी हलकी होते, आणि हलकी बंदूक अधिक धक्का देते! रुंद नळीत बूच घट्ट बसले नाही तर वायू निसटून छर्ऱ्यांचा वेग घटतो व धक्का किंचित कमी होतो हे खरे. पण तो लाभ दुबळ्या काडतुसाने फुकट मिळतो.

दुसरा फेरफार, काडतुसाचे घर जेथे नळीत उतरते तो निमुळता भाग लांबविणे. तेथे छर्रे एकमेकांवर चेपतात आणि चेपलेला छर्रा सरळ जात नाही. म्हणून ह्या फेरफाराचा हेतू सयुक्तिक आहे. तथापि १९६० नंतरच्या दशकात छर्ऱ्यांभोवती प्लास्टिकची वाटी असलेली काडतुसे आली, आणि नळीशी होणाऱ्या घर्षणापासून छर्ऱ्यांचा बचाव ती वाटीच करू लागली. अशा काडतुसांत ह्या फेरफाराचा लाभ थोडाच उरतो.

तिसरा, नळीच्या तोंडाजवळ भोके पाडणे. वर निसटणाऱ्या वायूमुळे तोंड कमी उसळते, व दुसरा नेम लवकर धरता येतो. परंतु छर्ऱ्याच्या बंदुकीत तोंडापाशी वायूचा दाब बराच उतरलेला असतो. मागे येणारा धक्का त्यामुळे फारसा बदलत नाही. आवाज मात्र झाडणाऱ्याच्या कानाला अधिक लागतो. बाराचा तिसरा अर्थ वाढला म्हणून पहिलाही वाढला, असे समजणे हा निव्वळ भाषिक भ्रम होय.

माराविषयी निर्णय अधिक सोपा आहे. छर्ऱ्यांची दाटी मुख्यतः नळीच्या तोंडाशी असलेल्या आवळपणावर, म्हणजे चोकवर, आणि काडतुसाच्या जातीवर अवलंबून असते. चाळीस यार्डांवर तीस इंच व्यासाच्या वर्तुळात पूर्ण चोकच्या नळीचे सुमारे ७० टक्के छर्रे पडतात, सरळ नळीचे सुमारे ४०. पूर्ण चोक म्हणजे तोंडाशी केवळ एक मिलिमीटरच्या आसपासचे आकुंचन. तोंडाकडून काही सेंटिमीटर नळी कापली की ते नाहीसे होते. परीक्षा करावयाची तर कागद ताणून एकाच जातीच्या काडतुसाचे निदान दहा बार घ्यावेत व छिद्रे मोजावीत. २५० छर्ऱ्यांच्या बारात तीच नळी एकदा १७५ तर पुढच्या खेपेस १६२ छर्रे वर्तुळात टाकते. फेरफाराआधी एक व नंतर एक कागद दाखवून काहीही सिद्ध होत नाही.

शिवाय प्रश्न केवळ पैशाचा नाही. जुन्या नळीची भिंत पातळ झाल्यास ती फुटण्याचा धोका डाव्या हाताशी असतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रांची दुरुस्ती व चाचणी ह्या धंद्याला परवाना लागतो, आणि नळी आखूड करण्यास कलम ६ नुसार स्वतंत्र परवाना लागतो. गावातल्या कारागिराकडून केलेले काम मालकालाही गुन्ह्यात ओढू शकते. पुन्हा, शस्त्राचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे; रानडुकरावर बंदूक झाडावयाची तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली वेगळी परवानगी हवी. मग माळ्यावरून निघणारा बार बहुधा हाकून लावण्यापुरता असतो, आणि त्या कामी छर्ऱ्यांच्या दाटीचा उपयोग काय?

त्या शेतकऱ्याची बंदूक हाती घेऊन पाहिली. दस्ता त्याच्या बाहूच्या मानाने बराच आखूड होता आणि मागच्या टोकाचे रबर वाळून दगडासारखे झाले होते. त्याला दुखत होते ते येथे. धक्क्याचा पहिला अर्थ तोच ठेवून दुसरा सौम्य करावयाचा, तर अधिकृत दुरुस्तीवाल्याकडून दस्ता अंगाजोगा करावा, मऊ रबर बसवावे, हलका बार वापरावा आणि बंदूक खांद्याशी घट्ट धरावी. एवढे करूनही तक्रार उरली तरच नळीकडे वळावे. बहुतेकांवर ती पाळी येत नाही. त्याने विचारले, “म्हणजे नळी निर्दोष म्हणायची?” होय, असे सांगितले. त्याने आपले भाताचे पैसे राखले. आणि आमच्या संग्रहातील ‘धक्का’ ह्या नोंदीखाली त्या दिवसापासून दोन अर्थ वेगळे लिहिले आहेत.