मान्यता आहे, पण कुणाची, कशासाठी?

आमच्या दिल्लीतल्या वसाहतीत ज्यांना सारे ‘मास्टरजी’ म्हणतात, त्या निवृत्त शिक्षकांनी गेल्या महिन्यात एक माहितीपत्रक माझ्यापुढे ठेवले. नुकतीच पदवीधर झालेल्या मुलीसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम, शुल्क दीड लाख रुपये, कर्जाचा अर्ज भरून तयार. ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द पत्रकात चार ठिकाणी होता. मान्यता कुणी दिली, हे मात्र एकाही ठिकाणी नव्हते.

दोन उल्लेख तेवढे ठळक होते. पहिला आयएसओ ९००१ चा. हे प्रमाणपत्र संस्थेच्या व्यवस्थापन पद्धतीपुरते असते. वर्गात कोण, काय शिकवतो याची हमी त्यात नसते. दुसरा ‘सर्ट-इन’च्या सूचीचा. ती सूची माहिती सुरक्षेचे लेखापरीक्षण करणाऱ्या संस्थांची आहे. तिला प्रशिक्षणाचा परवाना म्हणून मिरवणे ही दिशाभूलच होय.

पत्रकातील सर्वांत मोठे आश्वासन होते ‘सहा महिन्यांत सीआयएसएसपी’. हे प्रमाणन देणारी ‘आयएससी-टू’ ही संस्था पाच वर्षांचा कामाचा अनुभव मागते. विशिष्ट पदवीमुळे फार तर एक वर्ष सूट मिळते. अनुभवाविना परीक्षा उत्तीर्ण होणारा ‘असोसिएट’ म्हणवला जातो. शिकवणी लावण्याची तर सक्तीच नाही. तरीही लावायची असेल, तर आयएससी-टूच्या अधिकृत प्रशिक्षण भागीदारांत त्या वर्गाचे नाव आहे का, हे त्या संस्थेकडूनच पडताळावे, वर्गचालकाकडून नव्हे. सी-डॅक आणि नायलिट या सरकारी संस्थांचे अभ्यासक्रमही आहेत. चमकदार पत्रकांपुढे त्यांची आठवण कुणाला होत नाही, एवढेच.

२०१३ च्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणाने पाच वर्षांत पाच लाख कुशल मनुष्यबळ घडवण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. संख्या सांगणे सोपे असते. कौशल्य-अर्हतांची राष्ट्रीय नोंदवही आज आहे. पण परदेशी प्रमाणनांचे भागीदार शोधायचे ते त्या-त्या संस्थेच्या इंग्रजी संकेतस्थळावर. हे सारे भारतीय भाषांत, एका जागी मांडणे सरकारला अवघड नसावे. दीड लाखांचे कर्ज काढणाऱ्या बापाने तपासनीसाचे काम का करावे?

मास्टरजींनी त्या वर्गाला दूरध्वनी करून भागीदारीचा पुरावा मागितला. ‘पाठवतो’ असे उत्तर आले. सवलतीची मुदत संपल्याचे दोन संदेश त्यानंतर आले. पुरावा अद्याप आलेला नाही. अर्ज मास्टरजींच्या खणातच आहे.