लष्करी घरांची श्रीमंती

पुण्यासाताऱ्याकडील एखाद्या गल्लींत उत्सवाची वर्गणी गोळा होऊं लागली, कीं दोन दारांशीं मंडळी मोठा आंकडा मनांत धरूनच जातात. एक दार पलटणींत असलेल्या माणसाचें, दुसरें लष्कराचीं कामें घेणाऱ्या कंत्राटदाराचें. पहिल्याला सरकार सारें फुकट देतें आणि दुसरा सरकारकडून मागेल तें घेतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. मुलीचें स्थळ पाहतांना, उसने पैसे मागतांना, भावाभावांत वांटणी करतांना हाच हिशेब गृहीत धरला जातो. म्हणून तो एकवार तपासून पाहणें जरूर आहे.

ही समजूत अगदींच निराधार नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत हिंदी सैन्याची संख्या सुमारें 2 लाखांवरून 25 लाखांच्या घरांत गेली. कापड, तंबू, रसद, बांधकाम यांचीं कंत्राटें निघालीं, कित्येक पुरवठादार पाहतां पाहतां गबर झाले आणि 1940 सालीं युद्धकाळांतील जादा नफ्यावर निराळा कर बसला. त्या काळचा बंगलेवाला कंत्राटदार लोकांच्या डोळ्यांपुढून अद्याप हललेला नाहीं. शिपायाच्या घरचा इतिहास मात्र निराळा आहे. पहिल्या महायुद्धाच्या आरंभीं त्याचा पगार दरमहा 11 रुपये होता. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गांवानें त्या युद्धांत 46 माणसें गमावलीं. गांवाच्या नांवाला ‘मिलिटरी’ हा शब्द चिकटला, तो अशा घरांमुळें.

आतां अलीकडचे आंकडे पाहूं गेल्यास, 1 जानेवारी 2016 पासून लागू झालेल्या सातव्या वेतन आयोगानें शिपायाचें आरंभींचें मूळ वेतन 21,700 रुपये ठरविलें. त्यावर 5,200 रुपये लष्करी सेवा वेतन आणि शिवाय महागाई भत्ता. शेतमजुराच्या मिळकतीशीं ताडून पाहतां हें उत्पन्न चांगलेंच म्हटलें पाहिजे. परंतु लोक ज्याला ‘सारें फुकट’ म्हणतात, त्यांतील शिधा शिपायाच्या ताटांत पडतो. त्याच्या बायकामुलांच्या नव्हे. सरहद्दीवरच्या नेमणुकींत कुटुंब बरोबर नेतां येत नाहीं. शांततेच्या ठाण्यावर नेतां येतें, पण तेथील घरें मोजकीं असल्यामुळें क्रमांक लागेपर्यंत वाट पाहावी लागते. मग मुलांच्या शाळेसाठीं पत्नी तालुक्याच्या गांवीं दोन खोल्या भाड्यानें घेते, सासूसासरे खेड्यांत राहतात आणि एका पगारावर दोन चुली पेटतात. घरभाडे भत्ता मिळतो. पण आजाऱ्याला दवाखान्यांत नेण्यास, वीजबिलाच्या रांगेंत उभें राहण्यास आणि शेताच्या बांधावरचा तंटा मिटविण्यास जो पुरुष घरीं नाहीं, त्याचा भत्ता कोणत्याच तक्त्यांत सांपडत नाहीं. पुढें घर मिळून कुटुंब एकत्र आलें, तरी दोनतीन वर्षांनीं बदली ठरलेली. मुलांसाठीं 1963 सालापासून केंद्रीय विद्यालयें निघालीं, हा मोठाच आधार झाला. परंतु त्या बाईनें मिळविलेली शिक्षिकेची नोकरी दर बदलीला सुटते, ती सुटतेच.

कँटीनचें माहात्म्य तर विचारूं नये. तेथें वस्तु स्वस्त मिळतात हें खरें, पण त्या घेण्यास आधीं पदरचे पैसे लागतात. गंमत अशी, कीं त्याच कँटीनमधून स्वतःसाठीं कुकर मागविणारे आप्त ‘तुमची बुवा चैन आहे’ असें म्हणण्यास सर्वांत पुढें असतात.

निवृत्तीचेंही तसेंच. शिपायाला निवृत्तिवेतनाचा हक्क 15 वर्षांच्या सेवेनंतर येतो आणि पुष्कळजण चाळिशीच्या आंतबाहेर घरीं परततात. अखेरच्या वेतनाचा निम्मा भाग हातीं पडूं लागतो, तेव्हां थोरली मुलगी नुकती कॉलेजांत जाण्याच्या बेतांत असते. बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभा असलेला माजी जवान हौसेखातर उभा नसतो. अधिकाऱ्याचा छावणींतील ऐसपैस बंगलाही सरकारचा. निवृत्तीबरोबर तो सोडावा लागतो.

2022 सालीं आलेल्या अग्निपथ योजनेनें तर लाखांचे आंकडे गांवोगांव पोंचविले. चार वर्षांअखेर व्याजासह सुमारें 11 लाख 71 हजार रुपये, असें जाहीर झालें. पहिल्या वर्षीं ठरलेल्या 30,000 रुपयांतून 9,000 रुपये याच निधीसाठीं कापून घेतले जातात आणि तितकेच सरकार घालतें, हें त्यापुढें कोणी वाचीत नाहीं. म्हणजे मुद्दलांतील अर्धा भाग त्या मुलाचाच पगार होय. योजना जाहीर झाली तेव्हां 25 टक्क्यांपर्यंतच मुलांना पुढें कायम ठेवण्याचें ठरलें होतें. बाकीच्यांना निवृत्तिवेतन नाहीं.

मृत्यूच्या प्रसंगींही हा गैरसमज घराचा पाठलाग करतो. लढाईंत पडलेल्या जवानाच्या पत्नीस अखेरच्या वेतनाइतकें कुटुंब निवृत्तिवेतन मिळतें. परंतु सेवेशीं संबंध नसलेल्या आजारानें मृत्यू आल्यास ठराविक वर्षांनंतर तें 30 टक्क्यांवर येतें. वर्तमानपत्रांत पहिला आंकडा वाचलेले दीर आणि सावकार दुसऱ्या प्रकारच्या घरींही हात पसरून येतात.

राहिला कंत्राटदार. कामाच्या जागीं लावलेल्या पाटीवर ‘1 कोटी’ लिहिलेलें असलें, तर तें कामाचें मोल असतें, त्याचा नफा नव्हे. सिमेंट, लोखंड आणि मजुरी त्यांतूनच भागवावयाची. निविदा भरतांना बयाणा, काम मिळाल्यावर अनामत, बिलांतून उगमींच कापला जाणारा आयकर हें सारें त्याआधीं जातें. बिल निघतें तें मोजमाप होऊन; मजूर मात्र बाजाराच्या दिवशीं रोकड मागतो. मधल्या काळाचें व्याज बँक सोडीत नाहीं. ज्या ट्रकवरून शेजारी त्याची श्रीमंती मोजतात, तो बहुधा त्याच बँकेकडे तारण असतो, आणि कधींकधीं पत्नीचे दागिनेही. काम पुरें झाल्यावरही दोषदुरुस्तीची मुदत संपेपर्यंत छत गळलें तर डागडुजी त्याच्याच खर्चानें. ती मुदत सरल्यावर अनामत सुटते, आणि तोंवर पुढच्या कामाचा बयाणा भरण्याची वेळ झालेली असते.